पिवळ्या झाकणाचा ट्रॅक्टर

मित्रांनो, मी एक जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. मात्र ‘जुना’ हा शब्द मी स्वतः उच्चारला तरच मला चालतो. दुसऱ्या कोणी म्हटले की मला राग येतो, आणि आमच्या रागाचा रंग काळा असतो, हे माझ्या मागे उभे राहणाऱ्या कोणालाही विचारा. किनाऱ्यावरचा जो उतार चढताना माणसांना मोकळ्या हातांनी धाप लागते, तो उतार मी होडी ओढत चढतो. चढताना मी कुरकुरत नाही, गुरगुरतो. या दोन्हींत फरक आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटचा बोल्ट आवळणाऱ्या कामगाराने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, “जा, नाव काढ.” तो रोज किती ट्रॅक्टरांना तसे म्हणत असेल कोण जाणे. मी मात्र ते मनावर घेतले.

पहिली अनेक वर्षे मी शेतात काढली. माझी नांगरटीची तासे सुताने आखल्यासारखी सरळ यायची आणि शेजारचे शेतकरी बांधावर थांबून ती बघायचे. पुढे त्या घरी माझ्यापेक्षा मोठा, डोक्यावर छत असलेला ट्रॅक्टर आला. मला गोठ्यामागे उभे केले. ज्या सीटवर बसण्यासाठी घरातली माणसे भांडत, तिथे एक कोंबडी अंडी घालू लागली. कोंबडी स्वभावाने चांगली होती, पण मित्रांनो, ट्रॅक्टरला कोंबडीचे कौतुक पुरत नाही. त्या दिवसांत मी फार खचलो होतो.

मग एके दिवशी किनाऱ्यावरचे दोन भाऊ आले आणि सगळ्या होडीवाल्यांच्या वर्गणीतून मला विकत घेऊन गेले. तिथे मासेमारीच्या होड्या होत्या. लाटांपासून वाचवायला किंवा दुरुस्तीला त्या चाकांच्या गाड्यावर चढवायच्या, साखळीने मला जोडायच्या आणि सिमेंटच्या उतारावरून वर मैदानात आणायच्या, हे माझे नवे काम. अडचण एवढीच होती की दोघे भाऊ पहाटेच समुद्रात जात. मग मला चालवणार कोण?

“मी चालवते,” धाकट्या भावाची बायको म्हणाली. तिला सगळे धाकटीच म्हणत. तोवर ती मासे निवडायच्या ओट्यावर बसायची.

किनारा हसला. हसली नाही ती एकटी तिची जाऊ, थोरली. तिने खिळ्यावरची किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली. “चालव. पडलीस तर उचलायला मी आहे. आधी पोटभर हसेन, मग उचलेन.”

धाकटी पडली नाही. पहिले काही दिवस तिने क्लचला फार छळले, नंतर मात्र आमचे असे जमले की साखळीला झटका न देता ती होडी उचलायची, झोपलेले मूल उचलावे तशी. आता माणसे तिला वाट सोडून उभी राहत. ओट्यावरून सीटवर आलेली बाई पाठीचा कणा ताठ करून कशी बसते, ते मी रोज माझ्या अंगावर अनुभवत होतो. तिच्याइतकाच मीही ताठ होतो.

आता तुम्हाला अध्यक्षांची ओळख करून देतो. ते वयाने सगळ्यांत मोठे होडीवाले. किनाऱ्यावर संस्था नव्हती, सभा नव्हती, तरी ते सगळ्यांचे अध्यक्ष होते. त्यांनी कुठेतरी विजेवर फिरणारे, दोर गुंडाळून होडी वर ओढणारे यंत्र पाहिले होते. “बटण दाबायचं, होडी वर,” ते येता-जाता सांगत. “हे भंगार किती दिवस ठेवायचं? गंज बघा त्याचा.” बटण दाबायला अर्थात तेच बसणार होते. आणि मी गेलो असतो तर धाकटी पुन्हा ओट्यावर गेली असती. ती तसे बोलून दाखवत नसे, पण अध्यक्ष बोलू लागले की तिची स्टिअरिंगवरची मूठ आवळली जाई.

गंजाचा शब्द थोरलीला लागला. तिने घरातला रंगाचा डबा काढला. थोरलीला रंगाचे भारी वेड. तिच्या घरची खिडकी, बादली, पाण्याचा माठ ठेवायचे स्टूल, काहीही तिच्या ब्रशातून सुटलेले नव्हते. तिने मला घासून घासून निळे केले, चाके पिवळी केली आणि शेवटी डिझेलच्या टाकीचे झाकण हातात घेतले.

“याला तीन हात देते,” ती म्हणाली. “लांबून उठून दिसलं पाहिजे. बघू दे अध्यक्षांना गंज कुठाय ते.”

मित्रांनो, त्या दिवशी मी इतका देखणा दिसत होतो की समुद्रावरून परतणाऱ्यांना आधी मी दिसलो आणि मग किनारा. पण त्या झाकणाला मोहरीएवढे एक भोक असते. टाकीतले डिझेल जसजसे खाली इंजिनाकडे जाते तसतशी वरून त्या भोकातून हवा आत येते. हवा आली नाही तर डिझेल खाली उतरत नाही. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा, म्हणजे समजेल. थोरलीच्या तिसऱ्या हाताने ते भोक लिंपले गेले. मला ते तत्काळ कळले. पण सांगणार कसे? मला दोनच शब्द येतात, एक चालणे आणि दुसरा बंद पडणे. मी दुसरा शब्द वापरला.

पहिल्यांदा बंद पडलो तेव्हा धाकटीने झाकण उघडून टाकीत डोकावून पाहिले. डिझेल भरपूर होते. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने बॅटरीची तार आवळली. किल्ली फिरवली तर मी सुरू.

“तार सैल होती,” तो म्हणाला आणि दिवसभर मिशीवर हात फिरवत राहिला.

खरे तर झाकण उघडल्यावर हवा आत गेली होती आणि मला तेवढ्यापुरता श्वास मिळाला होता. पण झाकण लागले की माझा गळा पुन्हा आवळला जाई. काही वेळ मी चाले, मग आवाज वर-खाली होऊ लागे, जोर जाई, आणि उताराच्या मधोमध मी गप्प. लोक येत. प्रत्येक जण आधी झाकण उघडून डिझेल आहे का बघे, मग आपला इलाज करी आणि इलाज लागू पडला म्हणून खूश होऊन जाई. अध्यक्षांनी तर माझ्या चाकाला लाथ मारली, मी सुरू झालो, आणि लाथेचे महत्त्व यावर ते बराच वेळ बोलले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच. त्या लाथेचा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री माणूस पक्का. माझा आवाज एकदा ऐकून ते म्हणाले, “याला डिझेल पोहोचत नाही. बाकी इंजिन ठणठणीत आहे.” निदान अगदी बरोबर होते. त्यांनी फिल्टर बदलला. नळ्या काढून फुंकल्या. टाकी रिकामी करून धुतली. मग फिल्टरवरचा स्क्रू थोडा ढिला करून इंजिनाशेजारचा डिझेलचा छोटा हातपंप मारत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग काचेसारखी अखंड धार. हवा काढून झाल्यावर त्यांनी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासले आणि सगळ्यांना जवळ बोलावले. “फवारा बघा. धुक्यासारखा. नव्या गाडीचा असा नसतो.” माझी छाती इतकी फुगली की काय सांगू. आणि हे सगळे होत असताना झाकण कुठे होते? मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीवर, उलटे, ऐटीत चमकत.

दोन दिवसांनी मी पुन्हा बंद पडलो. मिस्त्रींनी टोपी काढून डोके खाजवले. “माझ्याकडून तपासायचं काही राहिलं नाही,” ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. जे सगळ्यांनी शंभरदा हातात धरले होते, ते तपासायचे कोणाच्या मनात येणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग वादळी दिवस जवळ आले. तेव्हा सगळ्या होड्या पाण्याबाहेर काढून मैदानात बांधून ठेवाव्या लागतात, आणि ते एका दिवसात उरकावे लागते. अध्यक्षांनी आदल्या संध्याकाळी निकाल दिला. “उद्या हा एकदा जरी थांबला तर भंगारात. मग कोणी मधे पडायचं नाही.”

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन धाकटीने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “मला ओट्यावर जायचं नाही रे.” कारखान्यातल्या त्या थापेनंतर इतके मनापासून माझ्याशी कोणी बोलले नव्हते. मला रडता आले असते तर मी तेव्हा रडलो असतो.

पहिल्या काही होड्या मी झोकात वर नेल्या. मग थोरलीच्या घरची होडी आली, किनाऱ्यावरची सगळ्यांत जड. उताराच्या मध्यावर माझा गळा आवळला. मी जिवाचा आटापिटा केला मित्रांनो, अगदी शेवटचा थेंब ओढला, पण विझलो. माणसे धावली, चाकांमागे मोठे दगड लावले. होडी तशीच लटकत राहिली आणि खाली पाण्यात अजून अर्ध्याहून जास्त होड्या हिंदकळत होत्या.

“झालं,” अध्यक्ष म्हणाले. “बोलवा भंगारवाल्याला.”

धाकटी खाली उतरली. सवयीने तिचा हात झाकणाकडे गेला.

“डिझेल काय बघतेस?” अध्यक्ष वैतागले. “सकाळी माझ्यासमोर टाकी भरलीस ना तू?”

तिचा हात थबकला. बरोबरच होते. टाकी भरलेली होती. मग झाकण उघडल्यावर हा दर वेळी सुरू का होतो? ती वाकली, तिने कान झाकणाला लावला आणि ते अगदी हळू फिरवले. आत ‘सूंऽऽ’ असा आवाज झाला. पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास ओढतो, तसा मी श्वास ओढला.

तिने झाकण तळहातावर घेऊन निरखले. मग मान वर करून थोरलीकडे पाहिले. थोरली जवळच फाटके शीड शिवत उभी होती.

“जाऊबाई, सुई द्या जरा.”

“आत्ता? लोक ट्रॅक्टर विकायला निघालेत आणि तू शिवायला बसतेस?”

“द्या तर.”

सुई घेऊन धाकटीने लोकांकडे पाठ केली. कोणाला काही दिसू नये असाच तिचा बेत असावा. पण थोरलीने वाकून पाहिलेच. सुईच्या टोकाने रंगाची एक पिवळी खपली निघाली आणि थोरलीच्या पायाशी पडली. थोरलीने ती उचलली. तिचा चेहरा कसनुसा झाला. धाकटीने भोकातून फुंकर मारली, झाकण लावले, हातपंप चार वेळा मारला आणि किल्ली फिरवली. मी सुरू झालो.

“सुरू तो दर वेळी होतो,” अध्यक्ष म्हणाले. “आता पुन्हा थांबतो कधी ते मी बघतो.” आणि त्यांनी खुर्ची मागवून उताराच्या कडेला ठाण मांडले.

मग मी जे केले ते सांगताना मला लाज वाटत नाही. थोरलीची होडी मी एका दमात वर नेली. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून आणखी एक. टाकीत हवा येत होती, डिझेल उतरत होते, आणि माझा आवाज एका सुरात लागला होता. धाकटीने घामही पुसला नाही. अध्यक्ष मी थांबण्याची वाट बघत होते. दुपार कलली तसे ते माझ्या घरघरीच्या तालावर पेंगले आणि छातीवर हनुवटी टेकवून घोरू लागले. त्यांची होडी शेवटची होती. ती त्यांच्या खुर्चीशेजारून वर गेली तरी त्यांना जाग आली नाही.

त्यांना जाग आली ती मी बंद झाल्यावर. “बघा, थांबला,” ते डोळे चोळत म्हणाले.

“मी बंद केला, काका,” धाकटी म्हणाली. “पाण्यात आता एकही होडी नाही.”

मिस्त्री पुढे आले. “झालं होतं काय?”

“काही नाही, श्वास अडकला होता,” धाकटीने विषय संपवला.

पण थोरली पुढे झाली आणि मूठ उघडून तिने ती पिवळी खपली सगळ्यांना दाखवली. “हिनं झाकलं तरी मी सांगते. तो रंग माझा. त्याला भंगार म्हणू नये म्हणून तीन हात दिले, आणि मीच त्याला भंगारात घालत होते.” धाकटीने तिच्या खांद्यावर हात टाकला.

मिस्त्रींनी झाकण उजेडात धरले आणि हसले. “हे तपासायचं राहिलं माझ्याकडून.” अध्यक्ष वर मैदानात ओळीने उभ्या होड्यांकडे आणि त्यांतल्या स्वतःच्या होडीकडे पाहिले. जाताना त्यांनी, ज्या चाकाला लाथ मारली होती त्यावरची वाळू हाताने झटकली. बटणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याचे लाड जरूर करा. त्याला घासा, पुसा, नटवा; आम्हाला ते फार आवडते. फक्त त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि तो बंद पडला, रुसला, तर लाथ मारण्याआधी एकदा कान लावून ऐका.

थोरली मला अजून दर वर्षी रंगवते. निळे अंग, पिवळी चाके आणि झाकणाला तीन हात, त्यात काटकसर नाही. पण ब्रश बुडवण्याआधी ती काडेपेटीतली एक काडी काढते आणि झाकणाच्या भोकात खोचते. रंग वाळला की काडी उपसते, झाकण टाकीवर लावते आणि धाकटीला हाक मारते, “चालू कर गं.” मग मी सुरू होतो, आणि जोवर मी एका सुरात चालतो आहे याची तिची खात्री होत नाही, तोवर ती माझ्या झाकणाला कान लावून उभी राहते. तिच्या गालाला दर वर्षी थोडा पिवळा रंग लागतो.