पेट्या बघणारा डोळा

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. नुसता डोळा. मला नाक नाही, हात नाहीत, तोंड तर नाहीच. जयपूरच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या पेट्या बनतात, तिथे सरकत्या पट्ट्याच्या कडेला मी बसलेला असतो. कागदोपत्री माझं नाव 'फोटोइलेक्ट्रिक सेन्सर' असं भारदस्त आहे. इथले कामगार मला 'आँख' म्हणतात आणि रत्नमालामावशी 'डोळा' म्हणते. मला डोळा हेच नाव आवडतं.

आता तुम्ही विचाराल, जयपूरचा डोळा मराठी कसा बोलतो? त्याचं कारण मावशीच. तिचे यजमान रेल्वेत. भुसावळहून बदली झाली आणि बिऱ्हाड इथे आलं. कारखान्यात तिच्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं. दिवसभर हिंदी बोलून तिची जीभ आंबून जायची. मग पेट्या रचता रचता ती माझ्याशी बोलायची. सकाळी आमटीत मीठ जास्त पडलं, इथल्या वाटाण्यांना चव नाही, शमिका, म्हणजे तिची लेक, मराठी वाचताना अडखळते, असं सगळं. मी ऐकत राहायचो. उलट उत्तर देत नाही म्हणून मी तिला फार शहाणा वाटायचो.

माझं काम तसं सोपं आहे. सायकलच्या मागे लाल तबकडी असते ना, उजेड पडला की चमकणारी? तशीच एक तबकडी माझ्या समोर, पट्ट्याच्या पलीकडे लावलेली असते. मी तिच्याकडे लाल प्रकाश सोडतो, ती तो मला परत पाठवते. प्रकाश परत आला, म्हणजे रस्ता मोकळा. नाही आला, म्हणजे मध्ये कुणीतरी आहे. झालं! एवढंच मला कळतं, पण ते पक्कं कळतं.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो आणि मग बरेच दिवस इथल्या एका दुकानाच्या कपाटात पडून होतो. माझ्या शेजारच्या खोक्यात माझा एक चुलत भाऊ होता. त्याच्या डोळ्यावर खास चष्मा. चकचकीत वस्तू समोर आली तरी तो फसत नाही. या चष्म्याचा त्याला भारी तोरा! गिऱ्हाईक आलं की दुकानदार पहिल्यांदा विचारायचा, बघायचं काय आहे? काळं की पांढरं, चकचकीत की मळकट, किती लांबून? खरं सांगतो मित्रांनो, इतके साधे प्रश्न, पण निम्मी माणसं त्यांची उत्तरं न देताच पैसे काढायची.

मला न्यायला आली ती अश्लेषा पंडित. ती यंत्रांची इंजिनिअर. मालवीय नगरात राहते, वडील इथल्या कॉलेजात शिकवतात. जन्म जयपूरचा, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर दमतं आणि हिंदीच्या खांद्यावर बसून पुढे जातं. पण कामाला मुलगी चोख. तिने सांगितलं, पुठ्ठ्याच्या पेट्या मोजायच्या आहेत, पुठ्ठा साधा, चमक नाही. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. चष्मेवाला भाऊ खोक्यात राहिला आणि मी ऐटीत बाहेर पडलो.

मला बसवताना अश्लेषाने केवढी काळजी घेतली! पट्ट्याच्या हलत्या पत्र्यावर नाही, जमिनीत रोवलेल्या घट्ट खांबावर मला बसवलं. मग स्क्रू ढिला ठेवून माझी मान हळूहळू डावीकडे वळवली, तबकडी दिसेनाशी होईपर्यंत. मग उजवीकडे, तशीच. दोन्ही कडा सापडल्यावर बरोबर मध्ये आणलं. वर-खालीही तसंच केलं आणि मग स्क्रू आवळला. आईने लेकराची हनुवटी धरून भांग पाडावा, तसं वाटलं मला. त्या दिवसापासून माझी एकही पेटी चुकली नाही. मालक पाहुण्यांना माझ्याकडे घेऊन यायचे आणि म्हणायचे, ये देखिए, हमारी आँख.

दसऱ्याला तर गंमतच झाली. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. मावशीने हळदकुंकवाची कुयरी आणली होती. प्रेसला कुंकू, पट्ट्याला कुंकू, कात्रीलाही कुंकू. शेवटी माझ्याकडे आली आणि मोठ्या प्रेमाने तिने बोट टेकवलं ते थेट माझ्या भिंगावर! मला दिसेनासं झालं. तबकडीचा प्रकाश परत येईना, म्हणजे मध्ये पेटी अडकलीय, आणि पेटी अडकली की पट्टा थांबवणं हेही माझंच काम. मी पट्टा थांबवला तो थांबवलाच. सगळे खालीवर बघू लागले. अश्लेषा त्या दिवशी कारखान्यात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. मऊ फडक्याने तिने माझं भिंग पुसलं. 'मावशी, आँख में नहीं, मतलब, डोळ्यात नाही. डोक्यावर लावा कुंकू,' असं ती म्हणाली आणि मावशीने तोंडाला पदर लावला.

हसण्यावारी गेलं, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मला दिसेनासं झालं तेव्हा मी काम थांबवलं. अंधाराने मी कधीच फसलो नाही.

पुढे श्रावण जवळ आला. जयपुरात तीजेच्या सणाआधी घेवर नावाची जाळीदार मिठाई खायची रीत आहे. जाळी तुपात तळतात, पाकात घालतात आणि गोल पेट्यांतून घरोघर पाठवतात. त्या पेट्या आमच्याच कारखान्यातल्या! मागणी एवढी वाढली की कुणाला पाणी प्यायला सवड नव्हती. पेट्यांचा पुठ्ठा कापायला एक मोठा प्रेस आहे. त्याचा जबडा उघडतो, मिटतो, परत उघडतो. बाहेर एक जाळीचं दार होतं. ते लावल्याशिवाय जबडा हलायचा नाही. गर्दीत त्या दाराची बिजागरी तुटली.

संकल्पजी आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही. तीजेला सगळ्यांसाठी स्वतःच्या घरचं घेवर आणणारा माणूस. पण दुकानदारांचे फोन येत होते आणि बिजागरी दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता नव्हता. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, आपल्याकडे एवढी हुशार आँख आहे, ती कशाला आहे? पट्ट्यावरच्या पेट्या आपण हाताने मोजू. आणि जाळीचं दार काढून टाकलं, मला खांबावरून उतरवून तबकडीसकट प्रेसच्या तोंडाशी बसवलं. हात आत गेला की मी जबडा थांबवायचा, हात निघाला की जबडा आपोआप चालू. दाराची उघडझाप वाचली, काम भराभर होऊ लागलं. सगळ्यांनी वाहवा केली. अश्लेषा तेव्हा दुसऱ्या कारखान्यात गुंतलेली होती. तिला कुणी विचारलं नाही.

आणि प्रेसवर पुठ्ठा सरकवायला कोण? रत्नमालामावशी! तिचे हात भराभर चालायचे म्हणून.

काय सांगू मित्रांनो, माझी त्या दिवसांतली अवस्था! डोळ्यांत तेल घालून राखण करावी म्हणतात. माझ्या डोळ्यात तेल घातलं तर मी आंधळाच होईन, पण मी तशी राखण करत होतो. प्रेस दणका मारायचा तसा मी गदागदा हलायचो. पुठ्ठ्याची धूळ भिंगावर बसायची. मला सारखं वाटायचं, ओरडून सांगावं, अहो, मी पेट्या बघायला आलोय, माणसाचा हात माझ्या भरवशावर सोडू नका. पण तोंड कुठे होतं? मावशी मात्र निश्चिंत. 'तू आहेस ना,' ती म्हणायची, 'मग मला कसली काळजी!' ते ऐकलं की मी आणखीच डोळा ताणून बघायचो.

तीजेच्या आदल्या दिवशी विमल तिच्यासाठी बांगड्या घेऊन आली. विमल तिच्याच शेजारी काम करते, मूळ जयपूरची. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बांगडीवाल्यांकडे तिचं लहानपणापासून जाणं-येणं. लाखेच्या लालजर्द बांगड्या, त्यांत लहान लहान आरसे बसवलेले. विमलने मावशीच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या पुढे त्या स्वतःच्या हाताने चढवल्या आणि म्हणाली, तीज पर हमारे यहाँ हाथ ऐसे सूने नहीं रखते. भुसावळ सोडल्यापासून मावशीला सणाला कुणी बांगड्या भरल्या नव्हत्या. तिचे डोळे भरून आले. ती सकाळभर हात वळवून वळवून बघत होती.

दुपारी एक पुठ्ठा जबड्यात वाकडा बसला. मावशीने तो सरळ करायला हात घातला. तिची बोटं माझ्यापुढून गेली, मी लगेच प्रेस थांबवला. इथपर्यंत ठीक. पुठ्ठा निघेना म्हणून ती आणखी वाकली. हात आत सरकला आणि माझ्या बरोबर समोर बोटं नव्हती, तळवा नव्हता, ती आरशांची बांगडी होती. मी सोडलेला प्रकाश तिने जसाच्या तसा माझ्याकडे परत पाठवला. मला वाटलं, तबकडीच दिसतेय. रस्ता मोकळा! आणि मी प्रेसला सांगितलं, चल.

जबडा मिटू लागला.

मावशीने हिसका मारून हात मागे ओढला. बांगडी बाजूला झाली, तिचा सावळा हात मध्ये आला, मला अंधार दिसला आणि मी प्रेस थांबवला. तेवढ्यात करंगळीचं टोक सापडलंच होतं. नख गेलं, रक्त आलं. पण हात शाबूत राहिला. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला, पण तो काही माझा पराक्रम नव्हता. तिने हात ओढला म्हणून वाचला.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरकडून पट्टी बांधून आणली. संकल्पजींचा चेहरा पांढराफटक. त्यांनी आधी आँख बिघडली म्हणून मला शिव्या घातल्या, मग उद्यापासून बांगड्या बंद असं फर्मान काढलं. विमल रडत होती की माझ्याच बांगड्यांनी घात केला. आणि मावशी म्हणत होती, चूक माझीच, नट्टापट्टा करून कामाला यायचं कशाला? तिने बांगड्या उतरवून पदराच्या गाठीत बांधल्या. सणाला मिळालेली एवढी एक गोष्ट, तिचीही लाज वाटावी अशी पाळी आली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आतल्या आत तुटलो मी.

निरोप मिळताच अश्लेषा आली. तिने कुणाला बोल लावला नाही. आधी मावशीचा हात हातात घेऊन बघितला. मग एक बांगडी मागून घेतली आणि स्वतःचा रिकामा हात माझ्यापुढे धरला. रस्ता मोकळा असला की लागणारा माझ्या डोक्यावरचा दिवा विझला. हात काढून तिने बांगडीचा आरसा माझ्यासमोर धरला. तबकडी झाकली होती, तरी दिवा लागला. परत हात, परत बांगडी. सगळे भोवती येऊन बघत होते. संकल्पजींनी मान खाली घातली.

'मावशी,' अश्लेषा शब्द शोधत म्हणाली, 'चूक बांगडीची नाही. तुमचीपण नाही. हा पेट्या बघायला आणलेला आहे. माणसाच्या हाताची राखण याला द्यायचीच नसते. त्यासाठी वेगळं असतं.'

'मग याला फेकून देणार का?' मावशीने विचारलं. हाताला पट्टी, डोळ्यांत पाणी आणि बाई माझी चौकशी करतेय!

'नाही,' अश्लेषा म्हणाली. 'याला याच्या जागेवर नेणार.'

हातांची खरी राखण बसेपर्यंत प्रेस बंद, असं तिने संकल्पजींना बजावलं. तीजेच्या पेट्या अडल्या तर अडल्या. संकल्पजींनी स्वतःच्या हाताने प्रेसचं बटण बंद केलं. जाळीच्या दाराला नवी बिजागरी आली. शिवाय माणसांच्या हातांसाठीच बनवलेला प्रकाशाचा पडदा बसला. त्याला एकच नाही, वरपासून खालपर्यंत कितीतरी डोळे. हात निघाला तरी माणसाने बटण दाबल्याखेरीज तो प्रेसला हलू देत नाही. काम संथ झालं. कुणी कुरकुर केली नाही.

मी मात्र बरेच दिवस एका खणात, जुन्या वायरी आणि गंजक्या नटांमध्ये पडून होतो. कारखान्याची शान म्हणवणारा मी, पण कुणी ढुंकून बघेना. पण खोटं कशाला बोलू, त्या प्रेसपेक्षा मला तो खण बरा वाटायचा. शेवटी अश्लेषाने मला काढलं, पुसलं आणि जुन्या खांबावर नेऊन बसवलं. परत मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली आणि मग बरोबर मध्ये. समोर ओळखीची तबकडी चमकली. पहिली पेटी आली, मला अंधार दिसला, पेटी गेली, उजेड आला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. माझं भिंग मऊ फडक्याने पुसा, रॉकेलच्या चिंध्यांनी नको. मला हलत्या जागी बसवू नका. आणि मला विकत घ्यायच्या आधी मी काय बघणार आहे, ते नीट सांगा. मी अंधाराला फसत नाही, चकाकीला फसतो, हे मी कपाळावर लिहून फिरू शकत नाही. ते माहीत असणं तुमचं काम. एकाच्या हुशारीवर भाळून त्याला भलत्या कामाला जुंपलं की त्याचं नुकसान त्याला नाही, दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागतं.

यंदा दसऱ्याला मावशी कुयरी घेऊन आली. करंगळीचं नख अर्धं उगवलं होतं. हातात त्याच लाखेच्या बांगड्या होत्या, विमलने सणापुरत्या स्वतःच्या हाताने परत चढवलेल्या. तिने जाळीच्या दाराला कुंकू लावलं, पडद्याच्या खांबाला लावलं. मग माझ्याकडे आली. पदराच्या टोकाने माझा डोळा पुसला आणि कुंकू अगदी जपून डोक्यावर लावलं. मग इकडेतिकडे बघून तिने बांगडीचा आरसा हळूच माझ्यासमोर धरला.

माझा दिवा लागलेलाच राहिला.

'नाही ना दिसली?' ती हसली. 'असू दे. तू तुझ्या पेट्या बघ, बाबा. माझे हात मी बघते.'

पट्टा सुरू झाला. मी पेट्या बघू लागलो.