थंड इंजिनाचा खोकला

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरची! माझं बॉनेट अजून आरशासारखं चमकतं, पण ते उघडलंत तर आत नुसती पोकळी दिसेल. माझं इंजिन सुटं होऊन शेडमधल्या फळीवर पडलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तारुण्य गेलं तिथल्याच एका गव्हाच्या गावात, कॉल ब्रेनन यांच्याकडे. काय तो थाट! जत्रेत मला बघायला ही गर्दी व्हायची. कॉल मला पुसायचे तेही स्वतःच्या जुन्या फुटबॉल जर्सीच्या फडक्याने. मग त्यांचा गुडघा गेला, क्लच दाबणं जमेना. मी ताडपत्रीखाली उभी राहिले, पिस्टनच्या कड्या झिजल्या आणि थंडीत सुरू होताना मी निळा धूर खोकू लागले.

नेव्हिल टकर हे कॉल यांच्याच जुन्या फुटबॉल संघातले, जन्माचे दोस्त. मुलगी टेगन हिला माझ्यातून चर्चला न्यायचं, हे त्यांचं जुनं स्वप्न. लग्न ठरलं आणि त्यांनी मला विकत मागितलं. त्यांची बायको म्हणाली, आधी मेकॅनिकला दाखवा. नेव्हिल हसले.

"कॉलच्या गाडीला मेकॅनिक? उद्या म्हणशील, त्याच्या छातीलाही डॉक्टरची नळी लाव!"

आमच्या गावात दोस्ताची गाडी तपासून घेणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. त्यात कॉल यांची सवय अशी, की पाहुणे यायच्या आधी मला गरम करून ठेवायचं. नेव्हिल मला बघायला आले त्या दिवशीही ठेवलं. गरम असल्याने धूर न खोकता मी मांजरीसारखी गुरगुरले आणि हस्तांदोलन होऊन सौदा झाला. पुढे नेव्हिल यांच्या अंगणात रोज सकाळी धूर निघे. ते म्हणत, थंडीची वाफ आहे.

लग्नाच्या दिवशी मी फिती बांधून निघाले. गव्हाच्या कोठाराजवळ माझ्या पोटात धाडकन आवाज झाला आणि मी रस्त्यातच बसले. टेगन मेंढ्यांच्या वासाच्या ट्रकमधून चर्चला पोचली. ती बिचारी हसत होती. नेव्हिल हसत नव्हते.

संध्याकाळी मेजवानीच्या हॉलच्या दारातच दोघे समोरासमोर आले.

"तुला ठाऊक होतं, कॉल."

"ऑइल पिते हे ठाऊक होतं. या वयाच्या सगळ्याच पितात. तू विचारलं कुठे?"

"तुला विचारायचं? आपल्यात?"

 केक न खाताच कॉल निघून गेले. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या शनिवारच्या खेळात दोघांची जोडी होती. आता ते वेगवेगळ्या टोकांना खेळतात म्हणे. खरं सांगू? खोटं कुणीच बोललं नव्हतं. मला तोंड असतं, तर सौद्याच्या त्या दिवशी मी ओरडले असते, "थांबा, मला आधी गार होऊ द्या!"

परवा नेव्हिल यांना माझ्या सीटखाली ते जर्सीचं फडकं सापडलं. त्यांनी ते धुतलं, वाळवलं, घडी घालून माझ्या इंजिनाशेजारी ठेवलं. परत द्यायला मात्र पाऊल उचललं नाही.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या. ती थंड असताना तिचं ऐका. आणि दोस्ताला विचारायला लाजू नका, आणि त्यानं विचारलं नाही तरी सांगायला तर मुळीच लाजू नका. इंजिन नवं मिळतं हो. शनिवारी आपल्याच टोकाला उभा राहणारा जोडीदार कुठल्या दुकानात मिळेल?