चंद्रीचा फोटो

भाच्यानं नवा मोबाईल घेतला आणि जुना मामाच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून वनमालाच्या घरात भाकरी गरम खायची सोय राहिली नाही. परमेश्वर, म्हणजे तिचा नवरा, ताट पुढ्यात आलं की आधी ताटाभोवतीच फिरायचा. कांद्याची फोड जरा इकडं, ठेच्याची वाटी जरा उजेडात, मग एक डोळा मिटून फोटो. तोवर भाकरीचं पार खापर झालेलं.

तलवाड्यात दुसऱ्या बायकांचे नवरे दारू पीत होते, पत्ते कुटत होते. त्यांच्याशी भांडायला निदान तोंड तरी होतं. वनमाला कुणाला काय सांगणार होती, की आमचे हे बादलीच्या सावलीचा फोटो काढतात? तारेवरच्या ओल्या सदऱ्याचा काढतात? एकदा तर रानात त्यानं अशी हाक मारली की ती खुरपं टाकून पळत सुटली. तिला वाटलं पान लागलं नवऱ्याला, सापच डसला. जाऊन बघते तर गडी तुरीच्या ओळीत गुडघ्यावर बसलेला, आणि समोर कोळ्याच्या जाळ्यावर दव.

"हे बघाया बोलावलं मला?"

"बघ की जरा," तो म्हणाला. "रोज असतंय हितं. आपल्याला ठावंच न्हाई."

त्यावर वनमाला जे बोलली ते सगळ्या रानाला ऐकू गेलं.

खरं दुखणं निराळंच होतं. त्याचा हा नाद तिलाही लागत चालला होता. धार काढताना एक दिवस ती चरवीतल्या फेसाकडं बघत बसली. फेसावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि त्यात बारीक बारीक रंग फिरत होते. ती बघत राहिली आणि चुलीवरचा चहा उतू गेला. म्हणजे आता आपलंही डोकं कामातून गेलं, असं म्हणून तिनं त्या चहाचाही राग परमेश्वरवरच काढला.

एरवी हे सगळं खपून गेलं असतं. पण दिवाळी सरली होती आणि मुकादमाची गाडी तोंडावर आली होती. एकदा ऊसतोडीला गेलं की उन्हाळ्यापर्यंत घरी येणं नाही. इतकी वर्षं मागं म्हशीचं शेणपाणी सासूबाई, बायनाबाई, बघायच्या. यंदा त्यांचे गुडघे गेले, त्यांनाच उठायला हात द्यावा लागे. म्हणून चंद्री म्हैस विकायची असं वनमालानंच ठरवलं. विकली नाही तर गोठ्यात उपाशी मरणार, एवढा साधा हिशेब. जनावर आहे, जिथं वैरण मिळेल तिथं सुखी राहील, असं ती सगळ्यांना ठणकावून सांगायची.

चकलांब्याचे विजयसिंह गिऱ्हाईक म्हणून तयार झाले. चांगलं घर, मोठा गोठा, पाण्याचा हौद. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की आधी मोबाईलवर फोटो पाठवा. आता म्हशीचा फोटो म्हणजे काय, हे आपल्याकडं पोरगंही सांगेल. मागून कास दिसली पाहिजे, चारी आचळं दिसली पाहिजेत, दात दिसले पाहिजेत, एका बाजूनं आख्खी म्हैस दिसली पाहिजे.

परमेश्वरनं काय पाठवलं? चंद्रीचा नुसता डोळा, पापण्यांसकट. कपाळावरचा पांढरा चांद. ओढ्याच्या पाण्याबाहेर आलेली दोन शिंगं आणि डाव्या शिंगावर बसलेला बगळा.

विजयसिंहांचा फोन वनमालानंच उचलला. "बाई, बगळा विकायचाय का म्हैस?" त्यांनी विचारलं. पुढचं बोलणं मात्र थट्टेचं नव्हतं. कास कशापायी दाखवंनात, आचळात काही खोट हाय का, असं त्यांनी सरळ विचारलं आणि वनमाला उत्तर देईतो फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा झाला की परमेश्वरची म्हैस एका आचळानं गेलेली आहे. वडवणीचं एक गिऱ्हाईक यायचं होतं, तेही आलं नाही.

वनमालानं कपाळावर हात मारून घेतला. तुमच्या या खेळण्यापायी मुकं जनावर दावणीला मरंल, असं ती त्याला तोंडावर म्हणाली. तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, चंद्री कशी हाय ते कळंल त्यांला."

सकाळी तिनं मोबाईल हिसकावूनच घेतला. कुठं दाबायचं तेवढं विचारलं आणि गोठ्यात गेली. तटतटलेल्या कासेचा फोटो काढला, आचळांचा काढला, बायनाबाईंकडून ओरडा खात खात जबडा उघडून दातांचाही काढला. काम झालं होतं. तेवढ्यात चंद्रीनं मान वळवली आणि त्या काचेत तिचं तोंड आलं. कानाच्या आत कोवळा गुलाबी रंग होता. त्यावरच्या लवेत कुंपणाकडून आलेलं ऊन अडकलं होतं. पाच वर्षं वनमाला या म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होती आणि तिला हा कान माहीत नव्हता. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचा फार संताप आला. विकायच्या वेळीच दिसायचं होतं का हे? तिनं मोबाईल पदराला पुसला आणि फोटो चकलांब्याला पाठवून दिले.

विजयसिंह दुपारीच टेम्पो घेऊन आले. त्यांनी स्वतः धार काढून बघितली, चारी आचळं ठणठणीत निघाली, व्यवहार झाला. वनमालानं चंद्रीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. आपलं दावं सोडून घेतलं, कारण जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं. विजयसिंहांनी आणलेला नवा कासरा चंद्रीच्या गळ्यात पडला. ती फळीवरून टेम्पोत चढली आणि मागं वळून हंबरली.

परमेश्वर लिंबाखाली उभा होता. मोबाईल खिशात होता आणि हात नुसते लोंबत होते.

"आवं, काढा की फोटो," वनमाला ओरडली. "कांद्याचे काढलेत, बादलीचे काढलेत. आता कशापायी उभे?"

"दिसंना गं काही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते.

तिनं त्याच्या खिशातून मोबाईल ओढून काढला आणि टेम्पोमागं पळाली. उतरतं ऊन समोरून येत होतं. टेम्पो वळणावर जाईपर्यंत एकच फोटो निघाला.

संध्याकाळी बायनाबाईंना जेवायला वाढून दोघं ओट्यावर बसले. परमेश्वरनं तो फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, मोबाईल आडवा धरून बघितला.

"उन्हाकडं तोंड करून काढलास," तो म्हणाला. "समदं काळं आलंय. म्हैस कुठली अन् टेम्पो कुठला, कळंना."

वनमालाच्या मांडीवर चंद्रीचं दावं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच या माणसाच्या डोक्यात काहीतरी घालावं असं तिला खरोखर वाटलं.

"काळीच व्हती ती," ती म्हणाली. "आना हिकडं. अन् पुसून टाकलात तर बघा."