समुद्रावर आलेला ओटीपी

नरपडच्या किनाऱ्यावर पुतळी बांबूंवर बोंबील अडकवत होती, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातून दक्षा धावत आली. वाळूत तिची एक चप्पल मागे राहिली, तरी ती थांबली नाही.

"काकी! भाविनीचा फोन! जागा सुटल्या!"

पुतळीने हातातला बोंबील तसाच टोपलीत टाकला आणि पदराला हात पुसले. दक्षाच्या मोबाईलवर पुतळीची लेक दिसत होती. निळा युनिफॉर्म, केस घट्ट बांधलेले, मागे लोखंडी कपाटांची रांग. भाविनी जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात कामाला होती. डहाणूत नर्सिंग झालं, मुंबईत तीन वर्षं नोकरी झाली, आणि आठ महिन्यांपूर्वी ती तिकडे गेली. पण तिकडे भाषेची मोठी परीक्षा दिल्याशिवाय पूर्ण नर्स म्हणून धरत नाहीत. तोवर हाताखालची मदतनीस. परीक्षेला बसणारे हजारो, जागा थोड्या, आणि त्या इंटरनेटवर सुटल्या की भराभर संपतात. दोन वेळा तिच्या हातातून त्या अशाच निसटल्या होत्या.

"आई, उद्या सुटणार म्हणाले होते, आज सुटल्या! मला मिळालीय एक! नाव भरलं, सगळं भरलं. वीस मिनिटं माझ्यासाठी धरून ठेवलीय. पैसे भरायचे फक्त. पप्पा कुठे आहेत?"

पुतळीने समुद्राकडे पाहिलं. "तुझे पप्पा? ते तर बोटीवर गेलेत गो. पहाटेच."

भाविनीचा चेहरा पडला.

कारण भाविनीचं कार्ड इथल्या बँकेचं, आणि त्या कार्डाने काहीही विकत घ्यायचं तर ओटीपी येणार तिच्या इथल्या नंबरवर. तिकडे तो नंबर चालेना म्हणून पहिल्याच महिन्यात, सुट्टीवर येणाऱ्या एका मल्याळी मैत्रिणीच्या हाती तिने सिम परत पाठवलं होतं. बँकेला तिकडचा नंबर लावा म्हणावं, तर बँकेच्या पानावर नंबराच्या जागी दहाच आकडे मावत. फोन केला तर बाई म्हणाली, "मॅडम, शाखेत प्रत्यक्ष या." जर्मनीहून डहाणूच्या शाखेत! तिकडच्या बँकेत पगार जमा होत होता, पण ती बँक ऑनलाइनचा पासवर्ड पोस्टाने पाठवते म्हणे, आणि मध्येच भाविनीची खोली बदलली, तर ते पत्र कुठे गेलं कोणास ठाऊक.

मग पुतळीच ओटीपी सांगू लागली. थंडीचे बूट असोत की रेल्वेचं तिकीट, भाविनी आधी फोन करायची, "आई, तयार?" आणि पुतळी तिच्या बटणांच्या फोनवर आलेले आकडे वाचायची. तिला ते आवडायचंच. लेकीचे बूट आपण घेऊन दिल्यासारखं वाटायचं. पण आठवड्यापूर्वी मासळी धुताना तो फोन मिठाच्या पाण्याच्या पिंपात पडला आणि गेला. सिम तेवढं वाचलं. ते नारूच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमधल्या रिकाम्या जागेत बसवलं. उद्या जागा सुटणार म्हणून नारू उद्या घरीच थांबणार होता.

"दुसऱ्या कोणाचं कार्ड?" दक्षाने विचारलं. "माझं बाहेरदेशी चालत नाही गो."

"माझ्याबरोबरच्या मरियाचं होतं, पण ती ऑपरेशनला उभी आहे. आत्ता बाहेर यायची नाही."

"पप्पांना फोन लागत नाही का?" पुतळीने विचारलं.

"चार वेळा लावला. आवाजच नाही. पण मेसेज जातो कधीकधी. तिकडे मेसेज पोचतो, मला माहितीय. पप्पांनीच सांगितलं होतं, केबिनवर चढलं की मेसेज येतात म्हणून."

मग दक्षा म्हणाली, "काकी, चला. वायरलेस!"

सोसायटीच्या ऑफिसात भिंतीपाशी बोटींशी बोलायचा वायरलेस सेट होता. दक्षा तिथली कारकून, रोज सकाळी बोटींना वाऱ्याची खबर द्यायचं काम तिचंच. तिने मोबाईल टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, म्हणजे भाविनीला सगळं दिसेल, आणि माईक हातात घेऊन नारूच्या बोटीला हाक दिली.

"वरदायिनी, वरदायिनी, नरपड बोलतेय. नारूकाका, ऐकू येतंय का?"

खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. तिकडे मोबाईलमध्ये भाविनी नखं खात होती.

मग खरखरीतून एक जाडा आवाज आला. "बोलो दक्षाबेन. ठाकोर बोलतो, नारगोलचा. नारूभाई लांब आहे, माझ्या आथमणे, पश्चिमेला. त्याला तुझा आवाज नाय पोचणार. मला दोघांचा येतो. काय काम?"

दक्षाने एका दमात सांगितलं. "ओटीपी? दरियामां?" ठाकोरभाई मोठ्याने हसला. "थांब, सांगतो."

थोड्या वेळाने तो परत आला. "नारूभाई आधी घाबरला. विचारतो, घरी सगळे बरे ना? मी बोललो, बरे, तुझी पोरगी परीक्षेला बसते. तो केबिनवर चढला. पाठव!"

"भाविनी, दाब!" दक्षा ओरडली.

भाविनीने बटण दाबलं. ओटीपी तीन मिनिटं जिवंत राहणार होता. नारूच्या बोटीवर अर्धं जाळं आत आलं होतं, अर्धं पाण्यात होतं, आणि तो एका हाताने डोलकाठी धरून दुसऱ्या हाताने मोबाईल आभाळाकडे करून उभा होता, हे त्यांना नंतर कळलं.

"आला!" ठाकोरभाईचा आवाज. "लिही. छ्यासी. चोवीस. ओगणसाठ."

दक्षाने लिहिलं आणि मोबाईलकडे वळून ओरडली, "सहा सहा, दोन चार, पाच नऊ!"

भाविनीने टाकलं. वाट पाहिली. "चुकीचा म्हणतंय!"

"ठाकोरभाई, परत सांगा!"

"छ्यासी बोललो. आठ-सहा! तू छासठ ऐकला काय?"

दक्षाने कपाळावर हात मारला. जन्मभर डहाणूच्या बाजारात गुजराती बोलत आली होती, आणि नेमकं आज खरखरीत छ्यासीचं छासठ झालं. भाविनीने घाईघाईने पुन्हा टाकलं, पण तोवर वेळ संपली होती. पानावर लाल अक्षरं आली.

"आता अजून एकदा चुकला तर कार्डच बंद पडेल," भाविनी म्हणाली. "आई, राहू दे. पुढच्या वेळी..."

"काय पुढच्या वेळी?" पुतळी टेबलाशी आली. मोबाईलला तोंड लावूनच बोलली, त्यामुळे भाविनीला तिची हनुवटीच दिसली असणार. "आठ महिने दुसऱ्याच्या हाताखाली बादल्या उचलतेस. जागा हातात आहे तर सोडायची नाही. किती वेळ आहे अजून?"

"नऊ मिनिटं."

"नऊ मिनिटांत तर बोट बंदरात लागते. दाब परत. आणि दक्षा, त्या ठाकोरभाईला सांग, जोडीने आकडे नको. एकेक सांग म्हणावं. आणि नारूला खाली-वर करू देऊ नको. कोणाला तरी माईकपाशी उभं कर."

दक्षाने तसं सांगितलं. ठाकोरभाईने पुढे सांगितलं. तेव्हा बोटीवर तलासरीचा काळ्या नावाचा खलाशी जाळं सोडून केबिनमध्ये माईकपाशी आला. नारू वर, काळ्या खाली. नारू ओरडणार, काळ्या माईकवर म्हणणार, ठाकोरभाई ऐकून पुढे देणार, आणि दक्षा लिहिणार.

आणि तेवढ्यात वायरलेसवर दुसरेच आवाज यायला लागले. "कोणाची पोरगी?" "नारूची. जर्मनीची." "कसली परीक्षा?" "अरे, माझ्यापण कार्डाचं सांग ना..." सगळ्या समुद्राला कळलं होतं.

"गप बसा सगळे!" पुतळीने दक्षाच्या हातातला माईक ओढून घेतला. बटण कुठलं तेही तिला नीट माहीत नव्हतं, पण बरोबर तेच दाबलं गेलं. "मी पुतळी बोलतेय, नारूची बायको. माझ्या लेकीचा नंबर येणार आहे. तो येईपर्यंत कोणी तोंड उघडलं तर संध्याकाळी किनाऱ्यावर मी उभी आहे!"

वायरलेस एकदम शांत झाला. इतका, की खरखरीमागे कुठल्याशा बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली.

"दाब," पुतळी म्हणाली.

भाविनीने दाबलं.

काही नाही. काही नाही. मग खूप लांबून, वाऱ्यात फाटलेला, पण ओळखीचा एक आवाज आला. काळ्याने माईक केबिनच्या दाराबाहेर धरला होता. त्यात बाकी सगळे गप्प, त्यामुळे इतक्या लांबूनही ठाकोरभाईच्या आधी, अगदी बारीक, नारूच ऐकू आला.

"चार!"

मोबाईलमध्ये भाविनीने तोंडावर हात ठेवला. "पप्पा," ती म्हणाली.

"चार," ठाकोरभाई म्हणाला.

"चार," दक्षाने लिहिलं.

"मींडुं. शून्य."

"शून्य."

"सात."

"सात."

"सात."

दक्षाचं पेन थांबलं. "ठाकोरभाई, सात दोनदा का? की तुम्ही परत बोललात?"

खरखर. वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळं बुडालं. मग, "...एक. ...नव."

"सात एकदा की दोनदा?" दक्षा जवळजवळ रडायला आली. "भाविनी, काय टाकू?"

पुतळी टेबलावर ओणवून कागदाकडे बघत बोटांवर मोजत होती. चार, शून्य, सात, एक, नऊ. "पाचच झाले की," ती म्हणाली. "दर वेळी सहा येतात. मी वाचलेत ना इतके. सात दोनदा आहे. टाक."

"नक्की, आई?"

"टाक गो!"

"चार, शून्य, सात, सात, एक, नऊ," भाविनी पुटपुटली आणि तिने बोट टेकवलं.

पानावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. दक्षाने डोळे मिटले. पुतळीने मिटले नाहीत. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कारण तो गोल तिला काही दिसत नव्हता, आणि चेहऱ्यावरून तिला आधी कळलं.

भाविनी किंचाळली. तिकडे कपाटांच्या रांगेमागून कोणीतरी जर्मन बाई धावत आली, काय झालं म्हणून, आणि भाविनीने त्या बाईलाच मिठी मारली. मोबाईल तिच्या हातून खाली पडला आणि इकडे पडद्यावर नुसतं पांढरं छत आलं. दोघींचं हसणं मात्र ऐकू येत होतं.

"झालं!" दक्षाने माईकवर सांगितलं. "ठाकोरभाई, झालं! नारूकाकांना सांगा! जागा मिळाली!"

मग जे झालं ते दक्षाने नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. नारगोल, नरपड, डहाणू, कुठकुठल्या बोटी एकाच वेळी ओरडू लागल्या. कोणी भोंगा वाजवला. ठाकोरभाई म्हणत होता, "अभिनंदन भाभी, अभिनंदन!" आणि त्याच्या मागे काळ्या "ए हे हे!" करत होता. एक कडक आवाज मध्येच म्हणाला की चॅनेल मोकळा ठेवा, हा काही गप्पा मारायचा सेट नाही. दक्षाने "सॉरी सर" म्हटलं आणि हसू आवरायला पदर तोंडात कोंबला. पदर पुतळीचा होता.

पुतळी खुर्चीत बसली. "पाणी दे गो," ती म्हणाली. तांब्यातलं पाणी संपवलं आणि मग एकाएकी तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

बोट परतली तेव्हा भरती चढत होती. किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या, पण आज सगळ्यांना मासळीआधी बातमी हवी होती. नारू गुडघाभर पाण्यातून आला. त्याचा घसा पार बसला होता. जाळं अर्धं तसंच ओढावं लागलं, एका जागी फाटलंही, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही.

"ऐकू गेलं तिला?" त्याने घोगऱ्या आवाजात पुतळीला विचारलं.

"तुझा आवाज ऐकून रडली."

"रडायला काय झालं? आकडेच तर सांगितले." पण तो हसत होता.

काळ्या मागून आला, खांद्यावर दोर. "काकी, पुढच्या वेळी मला सांगा. मी सात नुसता सात म्हणणार नाय. पहिला सात, दुसरा सात, असा म्हणेन."

"पुढची वेळ येऊ नये रे बाबा," पुतळी म्हणाली, आणि घरून आणलेल्या बटाटेवड्यांतला सगळ्यांत मोठा तिने काळ्याच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात भाविनीचा फोन आला. तिची ड्युटी संपली होती, ती बसस्टॉपवर उभी होती आणि तिच्या टोपीवर बर्फ पडत होता. नारूने मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"कुठे आहे परीक्षा?"

"दुसऱ्या शहरात, पप्पा. रेल्वेने चार तास."

"एकटी जाणार?"

"हो. सकाळची गाडी घेते."

"आदल्या दिवशी जा," नारू म्हणाला. "वाऱ्याचा काय भरवसा."

"पप्पा, रेल्वे आहे ती!"

"असू दे. आदल्या दिवशी जा."

फेब्रुवारीच्या शेवटी भाविनी आदल्या दिवशी गेली. परीक्षेतला बोलण्याचा भाग सगळ्यांत चांगला झाला, असं तिने सांगितलं. समोरच्या बाईंनी तिला विचारलं, तुमच्या कुटुंबाविषयी काही सांगा, आणि तिने जर्मनमध्ये बोट, वायरलेस, ठाकोरभाई आणि दोन सात हे सगळं सांगितलं. वेळ संपल्याची घंटा झाली तरी त्या बाई म्हणाल्या, "थांबू नका, पुढे काय झालं?"