चपट्या दगडावरचा घास

मला बिबट्याची भीती वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. जुन्नरकडची आहे मी. आमच्या उसात बिबटे इतके, की तोडणीच्या गडबडीत एखादा मोळीत बांधला जायचा आणि कारखान्यात पोचल्यावर जांभई देत उठायचा. हे खरं आहे. म्हणजे बरंचसं खरं आहे. पण दोन हजार सहाच्या मे महिन्यात, अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, भर दुपारी मी जी घाबरले, तशी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. त्यात मात्र एक अक्षर वाढवून सांगणार नाही.

माझा मुलगा यतीन आणि सून आश्लेषा, दोघंही कॉम्प्युटरवाले. घर रांगेतलं शेवटचं. मागे हिरवळ, आणि हिरवळ संपली की वेंडल नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचं रान. आत एक तळं, तळ्याआधी चौरंगाएवढा चपटा दगड. घरापासून दोनशे पावलांवर. मी मोजलीत, कारण रोज जायचे.

का जायचे, तर घास ठेवायला. सासूबाईंनी लावलेली सवय. आपण जेवायच्या आधी कावळ्याला घास. एक्केचाळीस वर्षं एक दिवस चुकला नाही. म्हणजे एकदाच चुकला, आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना टायफॉइड झाला. तेव्हापासून घास चुकवायची माझी टापच नव्हती. यतीनने आल्या दिवशी बजावलं होतं, "आई, बाहेर अन्न टाकायचं नाही, सोसायटीचं पत्र येतं." मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं ऑफिसला गेली की रानात ठेवू लागले. वरणभात, वर तूप, कधी बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवशी ताटली घासल्यासारखी लख्ख. मी फोनवर सगळ्यांना सांगितलं, इथले कावळे बघा, साजूक तूप खातात.

कावळे नव्हते ते. एक दिवस मी झाडाआड थांबून पाहिलं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखं तोंड, मांजराहून मोठं, शेपटीला कडी. रॅकून. एकटा नाही, सात. दगडाभोवती पंगत बसलेली. त्यातली एक भाताचं शीत दोन्ही हातांत धरून डबक्यात धुऊन खात होती, सोवळ्यातल्या बाईसारखी. मला हसू आलं. म्हटलं, कावळा काय आणि हे काय, जीवच ना.

मग वेंडलचं कळलं. तो यतीनशी बोलत उभा राहायचा आणि आमची इशिता, सात वर्षांची माझी नात, मला अर्धंमुर्धं मराठीत सांगायची. त्याच्या रानात रानटी टर्की होत्या. टर्की म्हणजे देवाने मोर करायला घेतला आणि मध्येच जेवायला उठला, असा पक्षी. पण वेंडलचा जीव त्यांच्यात. दर वसंतात पहाटे गाडीत बसून नर कुठून कुठून ओरडतात ते तो ऐकायचा. पूर्वी पाच बाजूंनी आवाज यायचा. यंदा एकाच बाजूने. एक मादी उरली होती, ती तळ्याजवळच्या गवतात अंड्यांवर बसली होती. वन्यजीव खात्यातली एक मुलगी येऊन पाहून गेली. ती म्हणाली, झुडपं तोडली गेलीत, लपायला जागा नाही, आणि रॅकून अंडी खातात. नुसते सापळे लावून भागणार नाही, झुडपं वाढू द्या. वेंडल म्हणाला, झुडपं वाढायला वर्षं जातात, सापळे आज लागतात. आणि त्याला एकच कोडं पडलं होतं. यंदा त्याच्या रानात एवढे रॅकून आले कुठून, कोणी आमंत्रण दिल्यासारखे.

इशिताने हे सांगितलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. आमंत्रण माझंच होतं. पण सांगू कुणाला? आणि घास बंद कसा करू? माझे गुडघे तेव्हा इतके धरले होते की गेले दहा दिवस ताटली घेऊन इशिताच जात होती. आमचं दोघींचं सीक्रेट. "पप्पांना सांगायचं नाही," असं मीच शिकवलं होतं तिला. ती मान डोलवायची, अगदी माझ्यासारखी.

त्या शनिवारी यतीन आणि आश्लेषा सकाळीच इंडियन स्टोअरला गेली. बाराला मी वरणभात कालवला, तूप घातलं, इशिता चपला घालून ताटली घेऊन पळाली. मी दही काढायला फ्रिजकडे गेले. फ्रिजच्या दारावर एक पिवळा कागद लावलेला. काल नव्हता, यतीनने सकाळी जाताना लावला असणार. वर लोखंडी जबड्याचं चित्र, जबड्यात कुत्र्याचा पंजा, त्यावर लाल काट. खाली वेंडलच्या हातचा नकाशा. आमचं घर, तळं, दगड. आणि दगडाच्या भोवती चार फुल्या.

इंग्रजी मला येत नाही. पण त्या कागदाला भाषा लागतच नव्हती. रॅकून जिथे जमतात तिथे त्याने सापळे पुरले होते. ते जिथे जमत होते, तिथे मी त्यांना जमवलं होतं. आणि माझी नात तिकडे निघून पाच मिनिटं झाली होती.

दह्याचं भांडं हातातून पडलं. गुडघे दुखतात हेही मी विसरले. हिरवळ ओलांडली, झाडीत शिरले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर पोरगी धावत माझ्याकडे येणार. सरळ, न बघता, कुठेही पाय टाकत.

ती दगडावर उभी होती. ताटली पायाशी ठेवलेली, आणि ती टाचा उंचावून पलीकडच्या गवतात बघत होती. मी वीस पावलांवर थांबले, कारण माझ्या चपलेपुढे माती नवी दिसली. पाचोळा पसरलेला, पण फार नीट. त्यातून साखळीची एक कडी चमकत होती. ती एवढ्या सगळ्यातून दगडापर्यंत पोचली कशी, देव जाणे. आता परत यायची होती.

"इशू," मी हळूच म्हटलं, "स्टॅच्यू."

हा खेळ मीच शिकवला होता. ती तशीच गोठली. डोळे फक्त माझ्याकडे वळले.

"आजी, आय कॅन सी हर नेस्ट. पण ती नाहीये."

"असू दे. हलायचं नाही. दगडावरून पाय खाली नाही. तुला बिबट्याची ती गोष्ट सांगितली का, जी कुणालाच माहीत नाही?"

"सांगितलीय."

"ती वेगळी. ही उभ्या बिबट्याची."

आणि मी सुरू केलं. काय बोलले ते धड आठवत नाही. उसाच्या बांधावर मी आणि बिबट्या समोरासमोर, आणि जो आधी हलेल तो हरला. सकाळपासून दुपार झाली, माझ्या डोक्यावर चिमणी बसली, बिबट्याच्या मिशीवर कोळ्याने जाळं विणलं. आवाज माझा नेहमीचा, पण पाठीवरून घाम असा वाहत होता जसा कुणी तांब्या ओतला. मला एवढंच कळत होतं, गोष्ट थांबली की पोरगी हलेल. आणि मी कितीही ताणली तरी ती कधीतरी थांबणार. यतीन कधी येईल ठाऊक नाही. वेंडलचं घर तळ्यापलीकडे. मोठ्याने ओरडावं तर ही दचकेल. मागे फिरून जावं तर ही माझ्यामागे येईल.

तेवढ्यात गवत हललं.

त्यांची जेवायची वेळ झाली होती. वेळ मीच लावून दिली होती. काळ्या पट्टीचं ते तोंड बाहेर आलं, ताटलीकडे नाक करून, ओळखीच्या घरी आल्यासारखं चालत. इशिताच्या पायापासून दोन हातांवर त्याने पाऊल टाकलं आणि खट् झालं.

तो आवाज मी सांगू शकत नाही. लोखंडाचाही नाही आणि त्या जनावराचाही नाही. त्याचे हात माणसाच्या बाळासारखे असतात हो. त्यातला एक जबड्यात, आणि दुसऱ्याने ते लोखंड ढकलतंय. साखळी ताणून दगडाला धडका देतंय. इशिता किंचाळली. एक पाय दगडाच्या कडेवर आला.

"इशिता, खाली बस." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "खाली बस, डोळे मीट, दगड धर. तिथे सगळीकडे हेच पुरलंय. पाय खाली आला तर तुझाही असाच धरेल."

खरं सांगायचं नव्हतं मला. तिला घाबरवायचं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. ती बसली. दगडाची कड धरून, गुडघ्यांत तोंड घालून. रडत होती, पण हलली नाही. मी उभीच होते. "बघतेय मी, बघतेय मी," एवढंच म्हणत राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मी म्हातारी झाले असेन तर त्याच वेळात.

ते जनावर इतकं ओरडलं, म्हणूनच वेंडल आला. तळ्याच्या कडेने, हातात काठी, पोतं आणि बादली. आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काठीने माती टोचत टोचत आला. खट्. दोन पावलं. खट्. तिसरा सापळा मिटला तो इशिताची चप्पल जिथे उतरणार होती तिथेच. मग त्याने तिला उचललं आणि माझ्याकडे आणून दिलं. तिचं काळीज माझ्या छातीवर ससा उडावा तसं उडत होतं. तो मागे वळला, माझ्यापुढचा चौथा मिटवला, जनावरावर पोतं टाकलं. मी इशिताचं तोंड पदरात धरलं.

मग त्याला ताटली दिसली. भात, वर तुपाची धार, अजून ओला. त्याने ती उचलली, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं.

इशिता पदरातून बाहेर आली. नाक पुसत हळूच म्हणाली, "आजी, तो विचारतोय हे काय. आय कॅन से, आम्ही भातुकली खेळत होतो. सांगू?"

किती सफाईने आलं ते तिच्या तोंडून. अजून रडत होती, आणि थाप तयार. मला त्या लोखंडाहून जास्त धडकी त्याची भरली. कारण थाप चांगली होती. मलाही तीच सुचली होती.

"नाही," मी म्हटलं. "सांग, आजी रोज इथे भात ठेवते. मार्चपासून. आणि मला माहीत होतं कोण खातंय."

"सगळं?"

"सगळं."

तिने सांगितलं. बराच वेळ लागला तिला. वेंडल ऐकत राहिला, ताटली हातात धरून, पूजेला उभ्या माणसासारखा. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला मला उत्तर देता येतं. तो वळला, काठीने गवत बाजूला केलं आणि मला ये म्हणून खूण केली. दगडापासून पंधरा पावलं. जमिनीत एक उथळ खोलगट जागा, आत सुकी पानं. पानांत कवचांचे तुकडे, पिवळट, तपकिरी ठिपक्यांचे. एकही अंडं अख्खं नाही. दोन लांब पिसं पडलेली.

तो खाली वाकून काहीतरी बोलला. मी विचारलं, काय म्हणाला? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तो म्हणतो, ही लास्ट होती. कालपर्यंत बसलेली होती."

मी हात जोडले. दुसरं काय करतात ते मला येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटलीतला भात पोत्याशेजारच्या बादलीत उपडा केला, ताटली गवताला पुसली आणि इशिताच्या हातात दिली. मग सापळे गोळा करायला लागला, एकेक साखळी ओढून.

आम्ही निघालो. माझे गुडघे आता आपली आठवण करून देत होते. झाडी संपता संपता आमच्या दारात गाडी लागल्याचं ऐकू आलं. आश्लेषाचं हसणं, पिशव्यांची सळसळ. दह्याचं भांडं अजून स्वयंपाकघरात सांडलेलं होतं आणि पोरीच्या गुडघ्यांना दगडाचं खरचटलं होतं. यतीन लहानपणापासून माझ्या गोष्टी ऐकत आलाय. मी काहीही बोलले की तो आधी हसतो.

इशिताने माझा हात घट्ट धरला. "आजी, पप्पांना कोण सांगणार?"

"मी."

"ही विल लाफ."

"आधी हसेल," मी म्हटलं, "मग नाही हसणार." आणि हिरवळीवर पाऊल टाकलं.