चारशे वाकलेली डोकी

आमच्या गावच्या पक्षी मंडळाचा नियम असा, की एकट्याने पाहिलेला पक्षी हा पक्षीच नव्हे. तो दोघांनी पाहावा लागतो, आणि तोही एकमेकांना न दाखवता. बोट करायचं नाही, सुचवायचं नाही, हुंकारही द्यायचा नाही. दोघांनी पाठीला पाठ लावून आपापल्या चिठ्ठीवर वर्णन लिहायचं. मग मंडळाचे अध्यक्ष, जे दंतवैद्य आहेत, त्या चिठ्ठ्या दाढ तपासावी तशा तपासतात.

नियमाला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी दोन ज्येष्ठ सभासदांनी एकमेकांना दाखवून दाखवून खाडीच्या तोंडाशी एक दुर्मिळ पांढरा बगळा पक्का केला होता. वार्षिक अंकात तो छापूनही आला. पुढच्या आठवड्यात बगळा त्याच जागी होता, आणि त्याच्या पोटावर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात होती.

या नियमात सापडले माझे सासरे. बाबांनी वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी किनाऱ्यावरच्या चिखलात चमचचोच्या पाहिला. चिमणीहून किंचित मोठा पक्षी, चोचीच्या टोकाला चमचा. जगात मोजकेच उरलेत, आणि उत्तरेकडे जाताना वाटेत कुठेतरी दोन-चार दिवस टेकतात. बाबांना तो अकरा सेकंद दिसला. बाबा एकटे होते. वार्षिक अंकात त्यांच्या नावापुढे दोनच शब्द आले: ‘निरीक्षकाचा भास.’

ज्या माणसाने चौतीस वर्षांत एका ग्रॅमलाही सूट दिली नाही, त्याला भास!  बाबा बैठकीत पुढच्या रांगेत बसायचे ते मागच्या रांगेत बसू लागले.

यंदाच्या पक्षिगणतीला त्यांचा जोडीदार व्हायला मंडळातलं कोणी तयार होईना.

“तू जा,” बायको मला म्हणाली.

“मला कावळा आणि कबुतर यांतला फरक कळतो. तोही उजेडात.”

“मग तर उत्तमच. तुझ्यावर कोण संशय घेणार? आणि हे बघ, यंदा नाही दिसला तर बाबा मंडळ सोडणार आहेत. आईला सांगितलंय त्यांनी. मंडळ सुटलं की दिवसभर घरात. आई म्हणते, मग ती मंडळात जाईल.”

पहाटे साडेपाचला आम्ही गावामागच्या पाणथळीवर होतो. मी जांभया मोजायला आलो होतो, पण खरं सांगतो, दहा मिनिटांत झोप उडाली. लव्हाळ्यांतून कोणीतरी किंचाळत होतं, कोणीतरी उत्तर देत होतं. पाण्यावरून एक जांभळी कोंबडी आपल्या लांब बोटांनी पानापानावर अशी चालली होती, जणू नवी चप्पल चावतेय. एक खंड्या माझ्या डोक्यावरून निळ्या रेघेसारखा गेला आणि माझ्या तोंडून “अरे बापरे!” निघालं.

बाबांनी वळून पाहिलं. “जावईबापू, नोंद करायची आहे. कौतुक नाही.”

सात वाजता आम्ही किनाऱ्यावर पोचलो. भरती चढत होती. बाबांनी दुर्बीण तिकाटण्यावर लावली, मला दुसरी दिली. समोर चिखलाचा पट्टा, त्यावर चारशेच्या आसपास पक्षी, सगळे मातकट, सगळे सारखे, सगळे खाली माना घालून टोचताहेत. शिवणयंत्रांचा कारखाना चालू असावा तसे.

“पाणी अर्ध्या तासात इथवर येईल,” बाबा म्हणाले. “मग हे सगळे उडतील. आता गप्प.”

दहाएक मिनिटं गेली. मग बाबांचा श्वास थांबला.

मी पाहिलं. बाबा दुर्बिणीला डोळा लावून पुतळ्यासारखे. पण त्यांचे कान! आधी गुलाबी झाले, मग टोमॅटोसारखे लाल.  त्यांना तो दिसला होता. वर्षभराने, तोच! आणि ते मला एक अक्षर सांगू शकत नव्हते. दुर्बिणीचा रोखही कळू नये म्हणून त्यांनी ती मुद्दाम वळवली, आभाळाकडे. केवढी ती सचोटी!  चारशे पक्ष्यांत एक. पाणी वीतभर पुढे. बाबा चिठ्ठी काढून पाठ फिरवून लिहू लागले.

मी एका टोकाने सुरुवात केली. मातकट, मातकट, मातकट. चोच? सगळ्यांच्या चोची चिखलात. रंग? थोडे विटकरी, थोडे करडे. पाणी आणखी पुढे. कडेचे दहा-बारा उडालेही. झालं, गेला असणार. 

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी बावीस वर्षं महाविद्यालयात शिकवतो, म्हणजे मुख्यतः परीक्षेत पहारा देतो. चारशे वाकलेली डोकी हे माझं रोजचं दृश्य. एकेका चेहऱ्याकडे बघून कॉपी कधी सापडत नाही. नजर सैल सोडायची, कुठेही रोखायची नाही, सगळ्या सभागृहावर एकदम पसरायची. लिहिणाऱ्यांच्या माना एका चालीने हलतात. बेचाल हलणारी एक मान आपोआप टोचते.

मी नजर सैल सोडली.

टक, टक, टक, वर-खाली, वर-खाली, चारशे माना. आणि डावीकडे, तिसऱ्या रांगेत, एक मान आडवी! हा टोचत नव्हता, पुसत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, ओटा पुसावा तसा. मी दुर्बीण रोखली. विटकरी डोकं, विटकरी गळा. त्याने चोच वर काढली, पाणी झटकलं, आणि चोचीच्या टोकाला चक्क एक इवलंसं उलथणं!

मला ओरडायचं होतं. मी स्वतःची बाही तोंडात कोंबली. चिठ्ठीवर लिहिलं, खाडाखोड केली, पुन्हा लिहिलं. शेवटची ओळ लिहितो तोच लाट आली आणि चारशेच्या चारशे पक्षी एकदम उठले, वळले, चांदीसारखे चमकले आणि गेले.

अध्यक्ष बंधाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसले होते. आजूबाजूला दहा-बारा सभासद. अध्यक्षांनी बाबांची चिठ्ठी वाचली: “लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर. डोके, गळा विटकरी. चोचीचे टोक चपटे, रुंद. एकूण वेळ चार मिनिटे दहा सेकंद.” मग माझी: “बाकीचे टोचतात, हा पुसतो. डोकं विटकरी. चोच म्हणजे बाहुलीच्या भातुकलीतलं उलथणं.”

शेडमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. “सासऱ्यांनी काही सुचवलं?”

“नाही,” मी म्हणालो.

“थांबा,” बाबा म्हणाले. “माझे कान लाल झाले होते. जावयांनी ते पाहिले असणार. नोंद व्हावी.”

मी कपाळावर हात मारला. जिंकलेला डाव हा माणूस स्वतः उधळायला निघाला होता!

“कान हे सुचवणं धरायचं का?” अध्यक्षांनी विचारलं. मंडळात मग जी चर्चा झाली ती कुठल्याही संसदेला शोभली असती. एकाचं म्हणणं, कान हा शरीराचा भाग आहे, भाषेचा नाही. दुसऱ्याचं, मग बोटही शरीराचाच भाग आहे. तिसऱ्याने बाबांना पुन्हा कान लाल करून दाखवायला सांगितलं. ते जमेना.

शेवटी मी उभा राहिलो. “कानांनी एवढंच कळलं, की काहीतरी आहे. कुठे आहे, ते नाही कळलं. परीक्षेत पोरगं घामाघूम झालं म्हणून मी कधी कोणाला पकडलेलं नाही. कॉपीची चिठ्ठी माझी मला शोधावी लागते.”

अध्यक्षांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग त्यांनी शिक्का उचलला आणि दाणकन मारला. “मान्य!”

टाळ्या झाल्या. कोणीतरी बाबांची पाठ थोपटली.

“मागच्या वर्षीचा तो भासही खोडून टाकू,” अध्यक्ष म्हणाले. “तो पक्षी खराच होता, असं छापू.”

“नको,” बाबा म्हणाले. “यंदाचं माप मागच्या वर्षाला लावता येत नाही. ‘भास’ खोडा आणि ‘एकट्याने पाहिला’ एवढंच लिहा. जेवढं होतं तेवढं.”

अध्यक्षांनी अंक मागवला, शब्द खोडला, वर नवे लिहिले आणि खाली सही केली. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली.

मग आम्ही शेडबाहेर आलो आणि बाबांचा बांध फुटला. “आडवी फिरवत होता ना? ना? आणि मध्येच चोच झटकली, ती पाहिलीत? मला वाटलं तुम्ही उजवीकडेच बघत बसणार! मी लिहिताना दोनदा पेन्सिल मोडली हो! आणि ते उलथणं! उलथणं काय, अगदी उलथणंच! मला का नाही सुचलं?” त्यांनी माझा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला.

मी गाडीकडे वळलो.

“तिकडे कुठे?” बाबा म्हणाले. “दुपारी ओहोटी आहे. तो परत उतरणार.”

“बाबा, नोंद झाली. शिक्का बसला.”

“नोंद झाली हो! आता नुसता बघायचा!” आणि तिकाटणं खांद्यावर टाकून अडुसष्ट वर्षांचे माझे सासरे चिखलाकडे चक्क पळत सुटले.

मी बायकोला फोन लावला, उशीर होईल म्हणून सांगायला. ती काही विचारत होती, पण मीही पळत असल्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही.