विहीणबाईंचे कागद

"आडवा नाही, हा असा उभा घालायचा," म्हणत विहीणबाईंनी रोलमधून एक पातळ पांढरा कागद टर्रकन फाडला आणि लंगोटावर अंथरला. "पोरीनं शी केली की कागद उचलायचा, कचऱ्यात टाकायचा. खालचा लंगोट जवळजवळ कोरा! कापडी लंगोट नव्यानं वापरायला लागलं की माणूस घाणीलाच कंटाळतो. या लायनरनं निभावून जातं."

"मम्मी, तुला बरं सुचतं सगळं!" सून खूश होऊन म्हणाली.

माई दारात रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत त्या जन्मभर राबल्या होत्या. त्यांच्या हातचा टॉवेल इतका मऊ, की तिथल्या बायका कुठल्याही मऊ कपड्याला 'माईचा टॉवेल' म्हणायच्या. नात झाली तेव्हा त्यांनी लाँड्रीला रामराम ठोकला. सून सोमवारपासून कामावर परत जाणार, मग दिवसभर पिल्लू कुणाकडे? तर आजीकडे, हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. फक्त आज्या दोन आहेत, हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं.

विहीणबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. येताना मोबाइलवर काहीतरी नवीन बघून यायच्या, आणि त्यांना पाहिलं की पिल्लू डोळे हे एवढे मोठे करायचं. माईंच्या पोटात तेव्हा दुखायचं. बाकी काही असो, लंगोट धुणं हा माईंचा हक्काचा प्रांत होता. त्यातही या बाईनं नाक खुपसलं. धुवायलाच काही उरलं नाही, तर माईंनी काय कागद फाडत बसायचं?

"तरीसुद्धा मी रोज धुणारच," त्या म्हणाल्या.

"धुवा की, ताई. तुमच्या हातची सर कुणाला येणार आहे?" विहीणबाई म्हणाल्या. हे गोड बोलणंच माईंना झोंबायचं.

त्याच दुपारी माईंनी ठेवणीतला कॅन काढला. कपडे मऊ करणारा सॉफ्टनर, निरोपाच्या दिवशी लाँड्रीतल्या बायकांनी दिलेला. टोपणभर पुरला असता, पण माईंनी ईर्षेनं हात सैल सोडला. लंगोट वाळल्यावर त्यांनी एक घडी थेट सुनेच्या गालाला लावली.

"बघ. आणि हा परवा तुझ्या मम्मीकडे राहिलेला, तिनं धुऊन पाठवलेला. नुसता पत्रा! पोरीचं अंग सोलून निघेल."

तो पत्रा त्यांनी कपाटात तळाशी सारला.

पण लंगोट गळायला लागले. दुपटं ओलं, गादी ओली, मुलगा पिल्लाला घेऊन उभा राहिला तर त्याचा ऑफिसचा शर्ट ओला. आठवडा सरता सरता पिल्लाच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं.

"मध्ये कागद घातल्यावर खालचं कापड टिपणार कसं?" माई म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?"

खरं तर त्यांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. पण बोलल्यावर त्यांनाही ते खरं वाटलं.

सुनेनं आईला फोन लावला. माई हातातलं काम तसंच टाकून कान देऊन ऐकत होत्या.

"मम्मी, दर वेळी तुझी नवीन फॅडं! पोरीचे हाल झालेत इथं. नको आता काही आणूस. आणि सोमवारपासून माईच सांभाळतील तिला."

माईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या दिवशी त्या दोन घास जास्तच जेवल्या.

सोमवारी घरात माई आणि पिल्लू, दोघीच. ना कागद, ना विहीण. तासाभरात माईंची मांडी ओली झाली. त्यांनी लंगोट बदलला, पुन्हा ओली. असं करता करता धुतलेले लंगोट संपत आले. एक मऊ तेवढा उरला आणि कपाटाच्या तळाचा तो पत्रा. दोन्ही समोर ठेवून माईंनी हात धुतले, तसा बोटावरून एक थेंब पत्र्यावर पडला आणि दिसेनासा झाला. दुसरा थेंब त्यांच्या मऊ लंगोटावर पडला. तो तसाच गोल उभा राहिला, मग घरंगळत जमिनीवर आला. माईंनी मुद्दाम आणखी एक सोडला. तोही घरंगळला.

माईंची नजर सॉफ्टनरच्या कॅनकडे गेली. इतकी वर्षं त्यांनी टॉवेल मऊ केले, पण ते अंग टिपतात का, हे कुणा पाहुण्यानं कधी खाली लाँड्रीत येऊन सांगितलं नव्हतं.

पत्रा बांधलेलं पिल्लू दुपारभर कोरडं झोपलं.

माईंनी पाणी तापवलं. गरम पाण्यातून लंगोट पुन्हा पुन्हा काढले की सॉफ्टनर निघून जाईल, पुरळ बसेल, आणि कागदांवरचा आळ तसाच राहील. कुणाला कळणार होतं? त्या खळबळत राहिल्या आणि फेस निघतच राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, पुरळ बसलं का हो?" विहीणबाईंचा आवाज रडून बसलेला होता. "मी येत नाहीये हं, नुसतं विचारायला केला. माझंच चुकलं बाई, नको तिथं डोकं चालवलं."

'हो, बसतंय' एवढं म्हणून फोन ठेवून द्यावा, असं माईंना फार वाटलं. पिल्लू आयतं पदरात पडलेलं होतं.

"तुमचं नाही चुकलं," त्या एकदाच्या बोलल्या. "कागद चांगले होते. मीच सॉफ्टनर ओतला लंगोटांत. कापड पाणीच पीत नव्हतं."

आता ऐकवेल, माईंना वाटलं. आपण असतो तर ऐकवलंच असतं.

"अहो, तुम्ही मायेनंच केलंत ना," विहीणबाई म्हणाल्या.

या बाईला जिंकताही येत होतं आणि वर चांगलंही वागता येत होतं. माईंचा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी त्यांनी सुनेलाही सांगितलं. सून पिल्लाच्या मांड्यांना मलम लावत राहिली. मग तिनं आईला फोन केला आणि बराच वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी विहीणबाई रोल घेऊन हजर.

"दोघी मिळून बघा," सून जाताना म्हणाली. पण पिल्लू एकच होतं.

आता लंगोट खरखरीत वाळायचे. गॅलरीत माई प्रत्येकावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडून बघायच्या, तो जिरला की घडी घालायच्या. एके सकाळी आतून कसलासा आवाज आला. खुदकन, मग पुन्हा खुदखुद. पिल्लू आजवर कधी आवाज काढून हसलं नव्हतं.

"ताई! अहो ताई, या लवकर! हसली हो!"

माईंच्या बोटावर थेंब तयार होता. त्यांनी तो हातातल्या लंगोटावर सोडला, पुरता जिरेपर्यंत थांबल्या, घडी घातली, आणि मग आत गेल्या.